गोड्या पाण्याचा दर्या

आपल्या अंकात कोकणातली भावंडे समुद्रावर लिहितात तेव्हा आम्ही गंगापूरकर ते जरा हेव्यानेच वाचतो. त्यांच्याकडे भरती-ओहोटी, मुरुडच्या पाण्यात उभा जंजिरा, ताटात पापलेट. आमच्याकडे काळी जमीन, कापूस, ऊस आणि लासूर स्टेशनचा बाजार. पण आमच्या तालुक्याच्या दक्षिण अंगालाही एक समुद्र आहे. मीठ तेवढे नाही.

नानीच्या बोलीत दर्या म्हणजे नदी, शाळेच्या मराठीत दर्या म्हणजे समुद्र. दोन्ही अर्थ एकाच दप्तरात घेऊन आम्ही वाढलो. पैठणला धरण झाल्यामुळे दोन्ही खरेच होते. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीची पायाभरणी केली, २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी उद्घाटन केले. मातीचे धरण, २७ दरवाजे, १०२ टीएमसी पाणी. भरले की सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरते. नाव नाथसागर. नानी मात्र पावसाळा संपता संपता एवढेच म्हणायची, "दर्या भर गया बोलते!"

हा दर्या पाहायचा तर कायगावच्या पुलावर उभे राहावे. इथे प्रवरा गोदावरीला मिळते. अलीकडे कायगाव, पलीकडे टोके. एके काळी अलीकडे निजामाचे राज्य आणि पलीकडे इंग्रजी अंमल होता. त्यामुळे नानी पलीकडच्या काठाला शेवटपर्यंत 'अंग्रेजी' म्हणत राहिली. तिच्या लेखी ना इंग्रज गेले होते ना निजाम.

हिवाळ्यात पहाटे यावे. पाण्यावर धुके असते आणि धुक्यातून आधी आवाज येतात. मग चक्रवाकांच्या जोड्या दिसतात, शेकाट्या लांब गुलाबी पायांवर उथळ पाण्यात चालताना दिसतात. हिमालय ओलांडून पट्टकदंब हंस येतात. रोहित आले की काठाजवळचे पाणी गुलाबी होते. १९८६ मध्ये हे पक्षी अभयारण्य झाले, पण पाखरांना ते आधीच ठाऊक असावे. उन्हे वर आली की थर्माकोलच्या तुकड्यावर बसून, हातांनीच वल्हवत जाळी काढणारी माणसे दिसतात. कटला, रोहू, मरळ, चिलापी. पुलाजवळ मासळी तळल्याचा वास सुटतो. कोकणातल्या पाहुण्यांनी नाक मुरडू नये; आमच्या मरळीला काटा कमी.

उन्हाळ्यात पाणी मागे सरते आणि गाळाची जमीन उघडी पडते. तीत टरबूज, काकडी होते. ज्यांची जमीन गेली त्यांतले काही जण त्याच जमिनीत पुन्हा गाळपेर करतात, पुढच्या पावसापर्यंत.

आमचे आजोळ या पाण्यात गेले. गाव उठले तेव्हा लोकांनी तुळया, दारे, चौकटी बैलगाड्यांत भरल्या. देवळातली मूर्ती वाजतगाजत नव्या गावठाणात गेली, मशिदीसाठी वर्गणी झाली. कब्रस्तान मात्र कुणाच्या गाडीत मावणार? ते तिथेच राहिले. नानांचे वडील, दोन आत्या, आणि नानीचे एक बाळ, ज्याचे नावही ठेवायचे राहिले होते. त्यानंतर शबे-बरातीला आमचे लोक काठावर उभे राहून पाण्याकडे तोंड करून फातेहा पढू लागले.

२०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्या उन्हाळ्यात जायकवाडीचा साठा मृतसाठ्याच्याही खाली गेला. शबे-बरात नेमकी मे महिन्यात आली होती. नानीला जीपमध्ये बसवून आम्ही नेले. तडकलेला गाळ, वाळलेले शिंपले, मधेच विहिरीचा कठडा. कबरींचे दगड कुठले आणि घरांचे कुठले, आम्हाला काही कळेना. नानी जीपमध्येच बसून राहिली. म्हणाली, "बावडी से मगरिब को चालीस कदम." आम्ही पावले मोजली. चाळिसाव्या पावलावर गाळात अर्धा रुतलेला एक लहानसा दगड होता. तिने खाली उतरायचा हट्ट धरला. दोघांनी धरून तिला तिथवर नेले. ती बराच वेळ काहीच पढली नाही, नुसता दगडावरचा गाळ नखाने खरवडत राहिली. मग तिने आमच्याकडे प्यायचे पाणी मागितले. आम्ही बाटली पुढे केली. ती न पिता तिने दगडावर ओतली. दुष्काळाचे दिवस होते, पण कुणी काही बोलले नाही.

पुढच्या हिवाळ्यात नानी गेली. तिची कबर गंगापुरात आहे, कोरड्या जमिनीवर.

२०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी धरण भरून दरवाजे उघडावे लागले. गावात पेढे वाटले गेले आणि ते आम्हीही खाल्ले. चंद्राचे वर्ष दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकते. आता शबे-बरात ऐन थंडीत, भरल्या पाण्यावर येते. ती पुन्हा मे महिन्यात यायला २०४८ उजाडेल. चाळीस पावलांचा हिशेब आम्ही मुलांना सांगून ठेवला आहे.