सशाचं अभ्यंगस्नान

हेमलकसा
दिवाळीच्या आधीचा आठवडा

चि. छकुली,


तुझं पत्र पोचलं. उद्या पहाटे इथून एकजण नागपूरला निघालाय, त्याच्याच हाती हे उत्तर देतो. नरकचतुर्दशीच्या आत तुला ते मिळायला हवं.

सशाला अभ्यंगस्नान घालू नका. तेल नको, उटणं नको, नुसतं कोमट पाणीही नको. नातू हिरमुसेल, ठाऊक आहे. घरातल्या सगळ्यांना पहाटे तेल-उटणं लागतं, मग त्यालाच का नाही, हा त्याचा प्रश्न मायेतून आलाय, तेव्हा त्याला रागवू नकोस. आपल्याकडे जनावरावरची माया आणि पाणी ही जोडीच आहे. पोळ्याला आपण बैल नदीवर नेऊन चोळून धुतो, आदल्या दिवशी त्यांचे खांदे तुपा-हळदीनं शेकतो. इथून अहेरीच्या बाजूला कमलापूरला वनखात्याचा हत्ती कॅम्प आहे, तिथले माहूत हत्तींना पाण्यात उतरवून घासतात. म्हशीला घाम पुरेसा येत नाही, म्हणून ती डबक्यात बसून राहते. या सगळ्यांना पाणी हवंच असतं. सशाच्या शरीराची घडण मात्र वेगळी आहे.

त्याच्या वरच्या केसांखाली बारीक, दाट लव असते. ती एकदा भिजली की तासन्‌तास वाळत नाही. त्याच्या अंगाचं तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश असतं आणि जीव एवढासा, त्यामुळे ओल्या अंगानं तो भराभर गार पडतो. कातडी इतकी पातळ की ओल्या केसांत फणी अडकली तर फाटते. कानात पाणी गेलं तर त्याचा वेगळा त्रास. आणि अंगाला काहीही लावलं तरी तो ते चाटणार. दिवसातला कितीतरी वेळ तो स्वतःला आणि सोबत्याला चाटून साफ करण्यात घालवतो. म्हणजे तुमचं तेल, उटणं, शाम्पू सगळं त्याच्या पोटात जाणार, आणि सशाला उलटी करता येत नाही.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती त्याच्या धडपडीची. सशाची हाडं फार हलकी आणि मागच्या पायांचे स्नायू दांडगे. बादलीत धरला की तो जीव खाऊन लाथ मारतो, आणि त्याच जोरानं त्याचा स्वतःचा कणा कंबरेपाशी मोडतो. मग मागचे पाय लुळे पडतात ते कायमचेच. जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला असताना अशी जनावरं मी टेबलावर पाहिली आहेत. त्यांच्यासाठी करण्यासारखं फारसं काही उरलेलं नसायचं. उताणा धरल्यावर ससा गप्प पडून राहतो, तेव्हा त्याला ते आवडतंय असं लोकांना वाटतं. ती भीती असते. बिबट्यापासून घुबडापर्यंत ज्याला सगळेच खातात, तो जीव पकडला गेल्यावर असा निपचित होतो.

निवृत्तीनंतर मी इथं येऊन का राहिलो, हे तू मागे विचारलं होतंस. त्याचं उत्तरही याच गोष्टीशी जोडलेलं आहे. बाबा आमट्यांनी १९७३ च्या डिसेंबरात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि त्यांचा मुलगा प्रकाशभाऊ नि सून मंदाताई इथं राहायला आले. त्यानंतर काही वर्षांतच भाऊंना शिकारीहून परतणारे माडिया आदिवासी भेटले. त्यांच्याकडे मेलेली माकडीण होती आणि तिच्या छातीला बिलगलेलं जिवंत पिल्लू दूध शोधत होतं. भाऊंनी ते पिल्लू मागून घेतलं. प्राण्यांचं अनाथालय तिथून उभं राहिलं. मग अस्वलं आली, बिबटे आले, साप, मगरी, तरस. ज्यांच्या पोटात भूक होती आणि शिकार हेच ज्यांचं अन्न होतं, त्या लोकांना भाऊंनी दोष दिला नाही, हेही मला मोलाचं वाटतं. पण मनात सगळ्यात खोल रुतलंय ते हे, की अस्वलाच्या पिल्लाला अस्वलासारखं वाढवावं लागतं आणि मगरीला मगरीसारखं. आपल्याला काय करून बरं वाटतं, हे बाजूला ठेवावं लागतं. नातवाला हे सांग. ससा आपलाच आहे, पण तो माणूस नाही.

रानसशाबद्दलही एक सांगून ठेवतो. हिंगण्याकडच्या शेतांतून कोणी सशाचं पिल्लू उचलून आणून दिलं तर घेऊ नकोस. तुमचा पांढरा ससा मूळ युरोपातल्या जातीचा, त्याची पिल्लं बिळात उघडी आणि आंधळी जन्मतात. आपल्याकडच्या रानसशाची पिल्लं केसांसकट, डोळे उघडे घेऊन गवतातच जन्मतात. आई दिवसभर लांब राहते आणि अंधार पडल्यावर पाजायला येते. एकटं दिसलेलं पिल्लू अनाथ असतंच असं नाही, बहुतेक वेळा त्याला जागेवर सोडणं हेच त्याचं रक्षण. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं रानससा पाळता येत नाही.

आता तू लिहिलेली खरी अडचण. त्याचं बूड घाण राहतं, केस चिकटतात, वास येतो. हे आंघोळीनं सुटणारं दुखणंच नाही. ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. कोरड्या गोल लेंड्या तू झाडून काढतेसच. दुसऱ्या मऊ, चकचकीत, घोसासारख्या. त्या तो थेट तोंडानं घेऊन खातो, त्यातूनच त्याला जीवनसत्त्वं मिळतात. त्या खाल्ल्या गेल्या नाहीत तर बुडाला चिकटतात. तो का खात नाही, हे शोधायचं. वजन वाढलं असेल तर तोंड तिथवर पोचत नाही. दात वाढले असतील, कंबर दुखत असेल तरी तेच. आणि तू लिहितेस की तो गाजर, केळं, बिस्किटं आवडीनं खातो! छकुली, बिस्किटं आजच बंद कर. त्याच्या पोटात मुख्यतः वाळलेलं गवत जायला हवं, त्यावर थोडी हिरवी हरळी, थोडा पाला. गाजर कधीतरी, बोटाच्या पेराएवढं.

तोवर घाण काढायची ती अशी. चिकटलेलं वाळलं असेल तर ओढू नकोस. त्यावर कॉर्नफ्लोअर भुरभुरव, बोटांनी हळूहळू मोकळं कर, मग बारीक फणी फिरव. टाल्कम पावडर वापरू नकोस, ती त्याच्या फुप्फुसात जाते. एवढ्यानं भागलं नाही तरच पाणी घ्यायचं, तेही परातीत, दोन बोटं खोल, कोमट. तळाला जुना टॉवेल अंथर, म्हणजे पाय घसरणार नाहीत. दोघं जण लागतात. एकानं एक हात छातीखाली आणि दुसरा बुडाखाली घालून त्याला घट्ट धरून ठेवायचं, दुसऱ्यानं तेवढाच भाग ओल्या फडक्यानं पुसायचा. पाठ, पोट, डोकं कोरडंच राहू दे. साबण नको, डेटॉल तर नकोच. मग कोरड्या पंच्यानं टिपून काढ आणि लव मुळापर्यंत वाळेस्तोवर उबदार खोलीत ठेव. ड्रायरच्या गरम वाऱ्यानं कातडी भाजते, आवाजानं तो घाबरतो. गुठळ्या कात्रीनं कापू नकोस, कातडी कुठं संपते नि केस कुठं सुरू होतात ते कळत नाही.

दमट हवेत रोज त्याचं बूड पाहा. घाणीवर माशी अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या पडून मांसात शिरतात. अळी दिसली तर रात्र असली तरी दवाखाना गाठ. कानात खपल्या दिसल्या, नाकाला-पायांना कोंडा धरला तर ती खरूज असते. धुऊन ती जात नाही, इंजेक्शनानं जाते, आणि माणसालाही लागू शकते. कुत्र्याच्या गोचिडांसाठीचं फिप्रोनिलचं औषध सशाला घालू नकोस, त्यानं ससे मरतात. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं दाखव.

उन्हाळ्यात नागपूरचा पारा ४५ वर गेला की पुन्हा तुला पाणी आठवेल. तेव्हाही त्याला गार पाण्यात बुडवू नकोस, धक्क्यानं जाईल. ओल्या फडक्यानं फक्त कान पुस. सशाच्या अंगातली उष्णता कानांच्या शिरांतून बाहेर पडते.

नातवाला काम हवंच असेल तर त्याच्या हाती मऊ ब्रश दे. केस गळायचा हंगाम आला की त्यानं रोज विंचरावं, म्हणजे ते केस सशाच्या पोटात जाणार नाहीत. आणि या आठवड्यापुरतं आणखी एक, आंघोळीपेक्षा महत्त्वाचं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्याला गॅलरीत ठेवू नका. फटाक्यांच्या दणक्यानं तो पिंजऱ्यात आपटून घेतो, खाणं सोडतो. आतल्या खोलीत, खिडक्या लावून, भरपूर गवत घालून ठेवा. सकाळी गवत कमी झालंय का आणि लेंड्या पडल्यात का ते पाहायचं. बारा तास खाणं किंवा लेंड्या बंद असतील तर फराळ सोडून डॉक्टरकडे जा.

नातवाला गोड पापा. चिवडा पाठवलास तर इथं सगळे मिळून खाऊ.

तुझा,
मामा