यॉर्कमधला एकट्याचा दिवस

बँकेच्या सदतीस वर्षांच्या नोकरीत मी एकट्याने प्रवास केला नाही असे नाही. तपासणीसाठी, प्रशिक्षणासाठी, बदलीच्या गावी पुष्कळ हिंडलो. परंतु काही काम नाही, कोणी बरोबर नाही, संध्याकाळी कोणाला अहवाल द्यायचा नाही, असा एक संपूर्ण दिवस परक्या गावात घालवण्याचा योग वयाच्या सहासष्टाव्या वर्षी प्रथमच आला.

चिरंजीव लीड्स येथे नोकरीस आहेत. नातीच्या जन्मानिमित्त आम्ही उभयता गेल्या उन्हाळ्यात तेथे तीन महिने होतो. सौ.चा जीव नातीत गुंतलेला, सूनबाई बाळंतीण, चिरंजीव दिवसभर कामात. एका सकाळी मी जाहीर केले, "आज मी यॉर्क पाहून येतो." चिरंजीव म्हणाले, "पप्पा, रविवारी सगळेच जाऊ." मी म्हटले, रविवारी पुन्हा जाऊ, आज मी जातो. सौ.ने एक शब्दही न बोलता मेथीच्या पुऱ्या, खाखरे आणि कैरीचे लोणचे डब्यात भरले. तिचा होकार असा डब्यातूनच मिळतो.

लीड्सहून यॉर्क आगगाडीने अर्ध्या तासाच्या आसपास. जून महिना होता. ज्यांची मुले विलायतेत आहेत त्यांना ठाऊक असेल, त्या दिवसांत तेथे सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो. चौविहार पाळणाऱ्याला घड्याळाकडे पाहण्याची गरजच उरत नाही. डिसेंबरात मात्र पावणेचारलाच अंधारते, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांनी काय करावे हा प्रश्न आहे. पण तो विषय निराळा.

स्टेशनातून बाहेर पडताच समोर शहराची तटबंदी दिसते. रोमन लोकांनी इ. स. ७१ मध्ये येथे छावणी वसवली, आणि इ. स. ३०६ मध्ये कॉन्स्टंटाइनला त्याच्या सैन्याने याच गावी सम्राट म्हणून घोषित केले. आजचा तट बहुतांशी मध्ययुगातला आहे आणि त्यावरून चालता येते. या गावाची एक गंमत अशी की रस्त्यांच्या नावाला 'गेट' लागते आणि वेशीच्या दरवाजाला 'बार' म्हणतात. वायकिंगांच्या भाषेत रस्त्याला असाच शब्द होता, तो राहून गेला. त्यामुळे मी एका दुकानदाराला "जवळचा बार कोठे" असे विचारले तेव्हा त्याने माझ्या पांढऱ्या केसांकडे जरा चमकून पाहिले.

तटावरून उतरून, ऊझ नदीचा पूल ओलांडून मिन्स्टर या भव्य चर्चमध्ये गेलो. पूर्वेकडची रंगीत काचांची खिडकी टेनिसच्या मैदानाएवढी आहे म्हणतात. मला अधिक रस वाटला तो तिच्या कराराचा. जॉन थॉर्नटन या कारागिराने १४०५ मध्ये तीन वर्षांत काम पुरे करण्याचे कबूल केले, ते मुदतीत पूर्ण केले आणि त्याला एकूण ५६ पौंड मिळाले. मुदतीत पुरे झालेले बांधकाम पाहून कर्ज विभागात आयुष्य घालवलेल्या माणसाला जो आनंद होतो, तो इतरांना समजणार नाही.

पुढे शॅम्बल्स या अरुंद गल्लीत प्रवासी लोटतात. वरचे मजले पुढे झुकलेले, एकमेकांना टेकतील इतके जवळ. ही मुळात खाटकांची आळी. आता तेथे मांसविक्री होत नाही, पण काही दुकानांबाहेर जुने आकडे अजून लटकत आहेत. मी तेथे फार रेंगाळलो नाही.

रेंगाळलो तो मर्चंट अॅडव्हेंचरर्स हॉलमध्ये. ही व्यापारी महाजनांची वास्तू, १३५७ च्या सुमारास बांधावयास घेतलेली. वर लाकडी तुळयांचे प्रशस्त सभागृह, जेथे व्यापारी जमत आणि व्यवहार करीत. त्याखाली तळघरासारख्या दालनात गरिबांसाठी व आजाऱ्यांसाठी आश्रम. त्याला लागून प्रार्थनामंदिर. पेढी, धर्मशाळा आणि देरासर एकाच छपराखाली असावीत तसे. आपल्याकडील कोणत्याही जुन्या बाजारपेठेतील माणूस येथे आला तर त्याला वास्तूचा नकाशा समजावून सांगावा लागणार नाही. तेथल्या बाकावर बसून मी डबा उघडला असता, पण आत खाण्यास परवानगी आहे की नाही हे कळेना, म्हणून बाहेर बागेत येऊन दोन पुऱ्या खाल्ल्या. मन प्रसन्न होते. व्यापाऱ्याच्या कुळात जन्मल्याचा अभिमानही, खरे सांगतो, थोडा वाटत होता.

तेथून पाच-सात मिनिटांवर हिरव्या गवताची उंच टेकडी आणि तिच्यावर दगडी बुरूज आहे. नाव क्लिफर्ड्स टॉवर. एवढा वेळ आहे तर वर चढून गावाचे दृश्य पाहावे, एवढ्याच विचाराने मी निघालो. पायथ्याशी एक शिलालेख आहे, तेथे थांबलो.

आजचा दगडी बुरूज तेराव्या शतकातला. त्यापूर्वी येथे लाकडी बुरूज होता. मार्च ११९० मध्ये यॉर्कमधील ज्यू कुटुंबांनी, सुमारे दीडशे माणसांनी, त्यात आश्रय घेतला होता. इंग्लंडमधील ज्यूंपैकी अनेकजण सावकारी करीत. चर्चने ख्रिस्ती माणसाला व्याज घेण्यास मनाई केलेली आणि ज्यूंना बहुतेक दुसरे उद्योग बंद. राजाला ते हवे असत, कारण तो त्यांच्यावर जबर कर बसवी आणि सावकार वारला की त्याच्या मालमत्तेवर व येण्यावर हक्क सांगे. म्हणजे लोकांच्या डोळ्यांना दिसणारा धनको ज्यू, आणि त्याच्या पाठीमागचा, न दिसणारा धनको राजा.

पहिल्या रिचर्डच्या राज्यारोहणाच्या वेळी, ११८९ मध्ये, लंडनमध्ये ज्यूंवर हल्ले झाले. धर्मयुद्धाची हवा होती. ते लोण यॉर्कपर्यंत आले. जमावाच्या पुढाऱ्यांत रिचर्ड मॅलबिस नावाचा एक सरदार होता, आणि तो स्वतः कर्जात बुडालेला होता. बुरुजाला वेढा पडला. १६ मार्चच्या रात्री, सुटका नाही हे दिसल्यावर, आतील बहुतेकांनी आपल्या बायकामुलांचा व मग स्वतःचा अंत केला आणि बुरूज पेटला. जे उरले त्यांना, धर्म बदलला तर जीवदान मिळेल असे सांगून बाहेर बोलावले आणि ठार केले.

याच्या पुढचे वाचताना मी दोन पायऱ्या खाली उतरून पुन्हा वर आलो आणि पुन्हा वाचले. हे सर्व झाल्यावर जमाव घरी गेला नाही. तो मिन्स्टरकडे गेला. ज्यूंची कर्जखते सुरक्षित जागा म्हणून चर्चमध्ये ठेवलेली होती. रखवालदारांकडून ती काढून घेतली आणि तेथेच, चर्चच्या आत, त्यांची होळी केली.

सकाळी मी त्याच ठिकाणी उभा राहून खिडकीचा करार वाचत होतो. इमारत ती नव्हे, आजचे मिन्स्टर नंतरचे आहे. जागा मात्र तीच.

बुरुजाच्या माथ्यावर आता लाकडी सज्जा केला आहे. तेथून मिन्स्टरचे मनोरे स्पष्ट दिसतात. आजूबाजूला शाळेची मुले, कोणी आइस्क्रीम खात होते. मी कठड्याला टेकून उभा राहिलो आणि मला आमच्या दादी आठवल्या.

आमचे घराणे मारवाडातून शिरूर तालुक्यात आलेले. खापरपणजोबांचे किराण्याचे व कापडाचे दुकान होते आणि त्याबरोबर देणे-घेणे. १२ मे १८७५ रोजी सुपे गावी आठवड्याच्या बाजारात दंगा झाला, सावकारांच्या चोपड्या आणि कर्जखते जाळली गेली, आणि पुढे पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत तेच घडले. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. दादी ही हकिगत त्यांच्या सासूकडून ऐकलेली सांगत. खापरपणजोबांनी दार किलकिले करून कर्जखतांचे गाठोडे स्वतःच्या हातांनी बाहेर दिले. ते वेशीजवळ जळाले. आणि घरातील माणसाच्या केसालाही धक्का लागला नाही. बहुतेक गावांत असेच झाले. लोकांना माणसे नको होती, कागद हवे होते. यॉर्क आणि शिरूर यांत हा फार मोठा फरक आहे आणि तो मी विसरू इच्छीत नाही. दीडशे माणसे मेली त्या जागी उभे राहून स्वतःच्या घराण्याच्या चार चोपड्यांचे दुःख करू नये, एवढे मला कळते.

पण दादींच्या गोष्टीत एक गोष्ट कधीच नसे. त्या गाठोड्यात काय लिहिलेले होते? लहानपणी मी विचारले नाही. एम. कॉम.ला आर्थिक इतिहास शिकताना बाहेरचे उत्तर मिळाले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला भाव आला, सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली, युद्ध संपताच भाव कोसळला, त्यात सरकारने शेतसारा वाढवला. शिवाय १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखत तीन वर्षांनी निकामी होऊ लागले. हेतू कुळाच्या भल्याचा, झाले उलटे. सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुदलात मिळवून नवे कर्जखत लिहून घेऊ लागला, आणि कूळ खाली अंगठा उठवू लागले. आमचे खापरपणजोबा यातले होते की नव्हते, हे सांगणारा कागद उरलेला नाही. तो आम्हीच बाहेर दिला होता.

दंग्यांनंतर सरकारने चौकशी केली आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी साहाय्याचा कायदा केला. कर्जखताची अधिकाऱ्यापुढे नोंद व्हावी, कुळाला पावती व हिशेब मिळावा, न्यायालयाने कागदाच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासावा. यॉर्कनंतरही हेच झाले. राजाने शहरावर दंड बसवला, कोणाला फाशी दिले नाही, आणि ११९४ मध्ये नियम केला की ज्यूंचे प्रत्येक कर्जखत दोन प्रतींत व्हावे आणि एक प्रत सरकारी पेटीत राहावी. पेटीला तीन कुलपे. एक किल्ली दोन ख्रिस्ती गृहस्थांकडे, एक दोन ज्यूंकडे, एक राजाच्या कारकुनाकडे. आमच्या तिजोरीची किल्ली दोन अधिकाऱ्यांच्या संयुक्त ताब्यात असे. एकट्याला ती उघडताच येत नसे. ही पद्धत मी वर्षानुवर्षे पाळली. कागद जपण्याची युक्ती राजाला चटकन सुचली. त्याच ज्यूंना १२९० मध्ये त्याच्या एका वारसाने देशाबाहेर घालवले.

येथे एक कबुली द्यावयाची आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका दुष्काळी तालुक्यातील शाखेत होतो. तीन वर्षांची मुदत संपण्यापूर्वी थकबाकीदाराकडून बाकी-कबुलीच्या कागदावर सही घ्यावी लागे, नाहीतर दावा लावता येत नसे. मार्च महिना होता, यादी मोठी होती, जीप भाड्याची होती. एका वस्तीवर एक म्हातारा शेतकरी आला. मी कागद पुढे केला. त्याने विचारले, "सायब, काय लिवलंय यात?" मी म्हटले, "नेहमीचंच, बाबा." आणि शाईच्या पॅडवर त्याचा अंगठा मी माझ्या बोटांनी धरून टेकवला. कागदात काही खोटे नव्हते. रक्कम बरोबर होती, व्याज नियमाप्रमाणे होते, लेखापरीक्षकाने एक अक्षर काढले नाही. वाचून दाखवायला पाच मिनिटे लागली असती. त्या अंगठ्याचा खरखरीतपणा मात्र बुरुजावरच्या त्या गार वाऱ्यात माझ्या बोटांना पुन्हा जाणवला.

खाली उतरून मी मिन्स्टरकडे चालत निघालो. पंधरा मिनिटे लागली. वाटेत चॉकलेटची दुकाने, लोकरीच्या टोप्या, खिडक्यांत केक. संध्याकाळच्या प्रार्थनेला तेथे तिकीट लागत नाही, कोणीही जाऊन बसू शकतो. दारातील गृहस्थांनी मला आदराने आत नेऊन जागा दाखवली. मुलांचे गायन सुरू झाले. शब्द मला समजत नव्हते, पण सूर उंच छतापर्यंत जात होते. मी मनात नवकार म्हटला. मग सहज खाली फरशीकडे पाहिले; स्वच्छ, पुसलेली, फिकट रंगाची फरशी.

परतीच्या गाडीत सौ.चा फोन आला. "डबा संपवलात का?" मी म्हटले, दोन पुऱ्या उरल्या आहेत. "मग खाऊन घ्या, अजून पुष्कळ उजेड आहे." खिडकीबाहेर खरोखरच लख्ख ऊन होते. मी डबा उघडला.

घरी आल्यावर चिरंजीवांनी विचारले, "पप्पा, रविवारी पुन्हा जायचं ना? काय काय दाखवाल आम्हाला?" मी त्यांना खिडकीचे सांगितले, ५६ पौंडांचे सांगितले, व्यापाऱ्यांच्या सभागृहाचे सांगितले. बुरुजाचे रविवारी, तेथे गेल्यावर सांगेन असे ठरवले. आणि त्या म्हाताऱ्याचेही.