तिकोणा पेठेतली टिपणं

पेठेतून कामशेतकडे निघालं की पवनेचं पाणी लागतं, हडशी-कोळवणच्या अंगाला निघालं की मुळशी तालुका. दोन्हीकडे धरणं. मुळशीच्या धरणाविरुद्ध लढलेल्या सेनापती बापटांवर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. मुक्कामाला पेठ निवडली ती त्यासाठीच.

•

बापट म्हटलं की लोकांना बॉम्ब आठवतो, मग तुरुंग, मग रस्त्याची पाटी. हा माणूस पोटापाण्यासाठी आणि त्याहून जास्त हट्टापायी लेखणी चालवत होता, हे मागे पडलंय. अलीपूर बॉम्ब प्रकरणानंतरचा अज्ञातवास आणि कैद संपवून बाहेर आल्यावर ते ‘मराठा’च्या संपादकवर्गात होते. मग ‘लोकसंग्रह’ दैनिकात परराष्ट्रीय राजकारणावर लेखन, जोडीला डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाचं काम. अंदमानातल्या राजबंद्यांच्या सुटकेसाठी खटपट, मुंबईत झाडूवाल्यांची संघटना. लिहिणं आणि रस्त्यावर उतरणं यांत त्यांनी कधी भिंत घातली नाही. मला त्यांचं सगळ्यात मोठं वाटतं ते हे.

•

१९०४ मध्ये ते एडिंबरोला गेले ते यंत्रशास्त्र शिकायला. इंग्रजी राज्याविरुद्ध भाषण केलं आणि शिष्यवृत्ती गेली. म्हणजे मुळशीत धरणाला आडवा पडलेला माणूस यंत्राला घाबरणारा नव्हता. वीज म्हणजे काय आणि ती मुंबईच्या गिरण्यांना कशाला हवी, हे त्याला चांगलं कळत होतं. त्याचा प्रश्न एवढाच, की जमीन कोणाची आणि विचारलं कोणाला?

•

टाटांची धरणं मावळाला नवी नव्हती. लोणावळा, वळवण, शिरवता यांचं पाणी घाटाखाली खोपोलीला उतरून १९१५ पासून वीज देत होतं. आंध्रा खोऱ्यातही काम सुरू झालेलं. त्यानंतर मुळशीतल्या मुळा-निळेच्या संगमाची पाळी आली.

मुळशीत ठिणगी पडली ती एका शेतात. जमीन ताब्यात नाही, नोटीस नाही, तरी कंपनीच्या लोकांनी उभ्या वावरात चाचणीचे चर खणायला घेतले. कसणाऱ्या कुळानं हरकत घेतली, तर गोऱ्या इंजिनिअरनं पिस्तूल दाखवलं. १६ एप्रिल १९२१, रामनवमी: हजाराहून जास्त मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले, काम थांबलं. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. बापटांना ‘सेनापती’ म्हणू लागले ते या लढ्यात.

•

‘केसरी’चे न. चिं. केळकर सुरुवातीला पुढे होते. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त लिहिलं, टाटांनी कायद्यातल्या हक्कावर अडून न बसता लोकांशी बोलावं, असा त्याचा आशय. पाठिंबा मोठ्यांचा होता. घात झाला तो जवळच्यांकडून. मुळशीची कितीतरी जमीन कागदावर पुण्यातल्या सावकारांची होती आणि कसणारा मावळा फक्त कूळ. सावकारांना मोबदला पुरेसा वाटला. ज्यांची सही चालत होती ते तयार झाले. ज्यांचं घर बुडणार होतं त्यांच्या सहीला किंमतच नव्हती. राजेंद्र व्होरांनी या लढ्यावरच्या पुस्तकात ही फूट नीट उलगडली आहे. सत्याग्रहात स्वतः उतरलेल्या वि. म. भुस्कुट्यांनीही त्याचा इतिहास लिहून ठेवला. ही दोन पुस्तकं नसती तर मुळशीच्या बावन्न गावांची गोष्ट एका ओळीत संपली असती.

•

डिसेंबर १९२४. लढा ओसरला होता. बापटांनी बांधकामाची रेल्वे अडवली, हत्यार वापरलं आणि सात वर्षांची शिक्षा घेतली. मला हे पटत नाही. निःशस्त्र बसलेल्या मावळ्यांनी जो नैतिक अधिकार कमावला होता, त्याला या हल्ल्यानं धक्का लागला. पण केळकरांसारखे नेते मागे सरल्यावरही शेवटपर्यंत उभे राहिले ते बापटच, हेही त्याच पानावर लिहायला हवं.

•

पेठेतल्या एका मामांनी कागद दाखवले. प्लास्टिकच्या पिशवीत, घडीवर फाटलेले, पाठीमागून पारदर्शक पट्टी लावलेली. पवना धरणात गेलेल्या जमिनीचे. तलाठ्याची सही पुसट झालीय, गट क्रमांक मात्र त्यांना तोंडपाठ. “बघा साहेब, पाणी पिंपरी-चिंचवडला पोचलं, आमची फाईल अजून चालूच आहे.” धरण १९७२ चं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वाघेश्वराचं देऊळ उघडं पडतं, तेव्हा ते तिकडे जाऊन येतात.

•

९ ऑगस्ट २०११. पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्ध शेतकरी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ उतरले. गोळीबारात तिघे गेले, त्यात एक बाई. तेव्हाही देशात भूसंपादनाचा कायदा १८९४ चाच होता, मुळशी ज्याखाली बुडाली तोच.

•

नवा कायदा २०१३ चा, अंमल १ जानेवारी २०१४ पासून. खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची आधी संमती हवी. सामाजिक परिणामांचा अभ्यासही हवा. मुळशीतली मागणी कायद्याच्या पुस्तकात यायला ब्याण्णव वर्षं लागली.

पण कलम नीट वाचलं. बाधित कुटुंबांच्या व्याख्येत कुळं, वाटेकरी, शेतमजूर आहेत. पुनर्वसनात त्यांचा हक्क धरलाय. संमती मोजताना मात्र जमीनमालक आणि सरकारनं जमीन दिलेली कुटुंबं, एवढीच मोजायची. कुळकायद्यातल्या १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानं राज्यातली पुष्कळ कुळं मालक झाली, त्यांना आता मत आहे. डोंगरालगतच्या वाडीवरच्या भूमिहीन कातकऱ्याला १९२१ मध्ये कोणी विचारलं नव्हतं. या कलमाप्रमाणे आजही विचारावं लागत नाही.