एका डॉलरचा व्यवहार

आज विवरणपत्र भरताना फॉर्म १६ वरचा कापलेल्या कराचा आकडा पाहिला आणि पुन्हा आइसलँड आठवलं. एप्रिल २०१६. पनामा पेपर्स, म्हणजे परदेशी कंपन्यांच्या फुटलेल्या गुप्त कागदांमध्ये, तिथले पंतप्रधान गुनलाउगसन यांचं नाव निघालं. ब्रिटिश व्हर्जिन बेटांवरच्या कंपनीतला आपला निम्मा हिस्सा त्यांनी २००९ च्या अखेरच्या दिवशी पत्नीला विकला होता, एका डॉलरला! २००८ मध्ये बुडालेल्या बँकांकडे याच कंपनीचं येणं होतं. कर पूर्ण भरलाय, असं ते सांगत राहिले. पण बँका बुडाल्या तेव्हा घरकर्जाचा बोजा वाढला तो सामान्यांचा. त्यांना हे कसं पटावं?

नाव निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशी राजधानी रेक्याविकमध्ये संसदेसमोर हजारोंची गर्दी. हातात अंडी, केळी आणि स्कीर. स्कीर म्हणजे त्यांचं घट्ट दही, रोजच्या न्याहारीतलं. घरातलं खाणं उचलून दगडी भिंतीवर मारावं, इतका तो संताप आतला होता. पुढच्या दिवशी पंतप्रधान पायउतार होणार, हे जाहीर झालं.

त्याच कागदांत सुमारे ५०० भारतीय नावंही होती. ‘मोठ्यांचं असंच असतं’ म्हणून आपण गप्प बसलो. मीही. ते आज फार लागलं.