बूटपॉलिशच्या डबीतली राळ

पेपरात ‘आरोपांची राळ उडाली’ असं वाचलं की मला वास येतो. निवडणुकीच्या दिवसांत तर सकाळच्या चहाबरोबर रोज येतो. ओल्या लाकडाचा, थोडा कापराकडे झुकणारा, शेवटी घशात जरासा खवखवणारा. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या बाकड्यावर अडतीस वर्षं काढलेल्या माणसाच्या नाकात तो वास मुरलेला असतो. बातमीत मात्र राळ कुठेच नसते. शिवीगाळच असते.

माझी राळ बाकड्यावर उजव्या हाताला, बूटपॉलिशच्या रिकाम्या डबीत असते. आणतो तेव्हा मधाच्या रंगाचे खडे असतात, काचेसारखे, बोटांत दाबले तर कडा मोडून पिठूळ होणारे. सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक टेकवलं की खडा कडेने पाघळतो, धुराची एक बारीक रेघ सरळ वर जाते आणि दोन-चार दिवसांत सगळे खडे मिळून डबीच्या तळाशी एक वडी होते. पुढे ती वडी काळवंडते, मधोमध खड्डा पडतो, त्या खड्ड्यात कथलाचे मोहरीएवढे मणी अडकून राहतात. डबीची राळ बघून कारागीर ओळखावा असं आमचे अण्णा म्हणायचे. ज्याच्या वडीत एकच नीट खड्डा, त्याचा हात बसलेला. ज्याच्या वडीवर सगळीकडे टोचे, तो अजून चाचपडतोय.

अण्णांच्या दुकानात मी सोळाव्या वर्षी उमेदवारीला लागलो. त्याआधी सुटीत मामाकडे पत्र्याचं काम शिकलो होतो. मामा बादल्या, चाळण्या, रॉकेलची मापटी जोडायचा. तेजाबात जस्ताचे तुकडे विरघळवून केलेलं पाणी तो सांध्यावर पिसाने लावायचा आणि वरून कथील धावत जायचं. काय सुंदर धावायचं! अण्णांच्या दुकानात राळेने ते तसं धावेना, म्हणून एके दिवशी मी मामाची बाटलीच घेऊन आलो. एका गिऱ्हाइकाच्या व्हॉल्व्हच्या रेडिओत सात-आठ डाग त्या पाण्याने दिले. चकचकीत, गोल, बघत राहावं असे. अण्णांनीही वरवर बघून मान डोलावली.

रेडिओ आषाढात परत आला. आत प्रत्येक डागाभोवती मोरचुदी रंगाची बुरशी, आणि एका ठिकाणी तांब्याची तार खाऊन खाऊन केसाएवढी उरलेली. अण्णा ओरडले नाहीत. म्हणाले, “मामाची बादली जोडून झाली की धुऊन घेतात रे. तू रेडिओ धुणार आहेस का?”

एवढ्या एका वाक्यात मला राळ कळली. पुढचं सगळं तपशिलाचं आहे.

तपशील असा. तांबं उघड्यावर राहिलं की त्यावर भस्माचा पातळ थर चढतो. त्या थरावर कथील टाकलं तर ते अळवावरच्या पाण्यासारखं गोळा होऊन पळतं. थर खरवडून काढावा तर गरम करताना पुन्हा धरतो. राळेत आम्लं असतात, त्यातलं मुख्य अबीटिक आम्ल. थंड असताना ती जवळजवळ झोपलेली असतात. तापली की जागी होतात, तांब्यावरचा थर खातात, आणि काम संपलं की राळ घट्ट होऊन पुन्हा निजते. साठ-चाळीसचं कथील-शिसं 183 अंशांना वितळायला लागतं. राळ त्याच्या पुष्कळ आधी पातळ झालेली असते. वऱ्हाड पोचायच्या आत कोणीतरी येऊन अंगण झाडून ठेवावं, तशी. मागे जी राहते ती वीज वाहू देत नाही आणि दमटपणाही सहज आत घेत नाही, त्यामुळे धुवायची घाई नसते. तेजाबाचं पाणी निजत नाही, आषाढभर जागं राहतं.

हल्ली माझ्याकडे येणाऱ्या पोरांना डबी लागत नाही. सोल्डरची तार आतून पोकळ असते आणि त्या पोकळीत राळ भरूनच येते. त्यामुळे त्यांना वाटतं, धूर शिशाचा. आयर्नच्या उष्णतेला शिशाचा धूर होत नाही, दिसतो तो सगळा राळेचा. ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला डाग, सापडला की ती जुन्या डागावर नवं कथील चढवतात. मी डबी पुढे सरकवतो. आधी राळ, मग बघा. बहुतेक वेळा नव्या कथलाची गरजच पडत नाही.

राळ हा शब्द मूळचा माझ्या डबीतल्या मालाचा नव्हे. संस्कृतात राल म्हणजे साल वृक्षाचा डिंक. वैद्यकाच्या पोथ्यांत त्याला सर्जरस म्हटलंय. धुपात पडायची ती ही राळ. आजी टाचांच्या भेगांना तिळाचं तेल, मेण आणि राळ कढवून मलम करायची, त्या मलमात मुळात जायची तीही हीच. माझी राळ पाइनची, खरं नाव गंधाबिरोजा किंवा नुसता बिरोजा. बाजाराने दोघींना एकाच नावाखाली घेतलं आणि मराठीने हरकत घेतली नाही. हिंदीत मात्र राल म्हणजे लाळही, त्यामुळे उत्तरेकडच्या दुकानदाराशी बोलताना जपावं. आणि इथे सांगलीत अलीकडे नवीनच घोळ झालाय. भरडधान्यांचं कौतुक सुरू झाल्यापासून मी राळ मागितली की किराणावाला राळा काढतो. भोगीला भात करतात तो राळा. एकदा पोराला पाठवलं तर अर्धा किलो घेऊन आला. काष्ठौषधीच्या दुकानात जावं आणि बिरोजाच मागावा.

तो येतो कुठून ते मी नैनीतालच्या बाजूला सहलीला गेलो तेव्हा पाहिलं. बरोबरची मंडळी हिमालयाचे फोटो काढत होती आणि मी झाडांच्या बुंध्यांकडे बघत होतो. चीड पाइनच्या सालीवर छातीएवढ्या उंचीला तासलेली जखम, तिच्याखाली ठोकलेलं पत्र्याचं वाटीसारखं भांडं, त्यात पांढरट, मधापेक्षा घट्ट रस. तिथला माणूस त्याला ‘लीसा’ म्हणाला. बोट बुडवलं तर दोन दिवस चिकटपणा गेला नाही, शेवटी रॉकेलने काढला. हा लीसा कारखान्यात गरम करतात. त्यातलं टर्पेंटाइन वाफ होऊन निघून जातं, साधारण पाचवा हिस्सा. भांड्यात राहते ती राळ, पाऊण भागाच्या आसपास. म्हणजे माझ्या डबीत आहे तो तळ, उरलेला गाळ. पण हा गाळ छापखान्याच्या शाईत जातो, रंगात जातो, चिकटपट्टीत जातो, धुण्याच्या साबणात जायचा. संत्र्याच्या बाटलीबंद सरबतात संत्र्याचं तेल वर तरंगू नये म्हणून राळेपासून केलेला एक पदार्थ घालतात, हे मला कळलं त्या दिवशी दुकानात दोघा पोरांच्या हातात त्याच बाटल्या होत्या. मी काही बोललो नाही.

राळेचं दुसरं नाव मला एका व्हायोलिन शिकवणाऱ्या सरांकडून कळलं. त्यांचा ॲम्प्लिफायर माझ्याकडे दुरुस्तीला असायचा. एकदा ते नवे केस भरून आणलेला गज घेऊन आले. म्हणाले, “ऐक.” आणि गज तारेवरून फिरवला. काहीही नाही. वाऱ्याने कागद सरकावा एवढा सूं. मग त्यांनी खिशातून चौकोनी वडी काढून केसांवर घासली, पंधरा-वीस हात, आणि तोच गज त्याच तारेवर ठेवला. दुकानासमोरून जाणारा सायकलवाला थांबला.

घोड्याच्या शेपटीचा केस कितीही खरखरीत दिसला तरी तारेला धरत नाही. राळेची भुकटी धरते. केस तार ओढत नेतात, तार एका टप्प्याला निसटते, परत येते, पुन्हा धरली जाते. ‘ए’ची तार असेल तर सेकंदाला चारशे चाळीस वेळा. निसटण्याच्या त्या क्षणी घर्षणाने राळ जराशी मऊ पडते म्हणून तार सुटते, आणि थबकली की पुन्हा पकड येते. हे धरणं-सोडणं हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकात तारेच्या हालचालीतून दाखवून दिलं. मला ते ऐकून डागच आठवला. इथेही राळ आवाज करत नाही, आवाज तारेचा; तिथेही राळ जोडत नाही, जोडतं कथील.

मी हौसेने त्यांना माझ्या पिशवीतला एक स्वच्छ खडा दिला. दुसऱ्या दिवशी परत आणून दिला. “वाजतं, पण खरवडल्यासारखं. तुझी राळ रेडिओलाच असू दे.” त्यांच्या वडीच्या कागदावर जर्मन अक्षरांत ‘कोलोफोनियम’ छापलेलं होतं. कोलोफोन हे आजच्या तुर्कस्तानात, इझमीरच्या दक्षिणेला वसलेलं जुनं ग्रीक शहर. तिथून येणारी राळ रोमन काळात नावाजलेली होती, प्लिनीनेही तिची नोंद केलीय. शहर ओस पडलं, आणि त्याचं नाव युरोपभरच्या वादकांच्या खिशात राहिलं.

आता आमच्या नावाकडे येतो, कारण तिथे माझी थोडी तक्रार आहे. राळ उडवणे हा वाक्प्रचार आला तो तमाशा-दशावताराच्या आणि जुन्या नाटकांच्या मशालीवरून. इथेच सांगलीत 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. त्या काळच्या खेळांत राक्षस यायचा तो आरोळी ठोकत आणि राळेच्या भडक्यात. शाळेच्या गॅदरिंगला बकासुरासाठी ते काम माझ्याकडे होतं. राळ वस्त्रगाळ करून मुठीत घ्यायची आणि मशालीच्या ज्योतीवरून तिरकी फेकायची. भुकटी हवेत पसरली की प्रत्येक कणाला चारी बाजूंनी हवा मिळते आणि सगळे एकदम पेटतात. पुरुषभर उंचीचा जाळ होतो आणि डोळे मिटेपर्यंत विझतोही. खडा फेकला तर काही होत नाही; ठप्प करून पडतो, काळा धूर सोडत कुढत जळतो. मी पहिल्या तालमीत खडेच फेकले होते. बकासूर हसत आला.

एवढी जोडणारी, धरणारी, आवाज काढू देणारी वस्तू, आणि मराठीने तिच्यातून उचललं काय, तर भडका. तोही राक्षसाचा. ‘दोघांत राळ लावली आणि जुळवून दिलं’ असं कोणी म्हणत नाही. पत्रकारांना दोष देत नाही, प्रेक्षकांत बसलेल्याला भडकाच दिसणार. बाकड्याशी बसलेल्यांनी वाक्प्रचार केले नाहीत, ही चूक आमचीच.

अर्थात राळेच्या खात्यावर नुकसानही आहे. एका वाचनालयाचा माइक बघायला गेलो होतो तेव्हा ग्रंथपाल बाईंनी कपाटातली शंभरेक वर्षांची मराठी पुस्तकं दाखवली. पान उलटलं की कोपरा हातात, पापडासारखा. शाई कागदावर पसरू नये म्हणून लगद्यात राळेचा साबण आणि तुरटी घालायची युक्ती जर्मनीतल्या इलिगने 1807 साली छापून प्रसिद्ध केली. ती इतकी स्वस्त होती की पुढे जगभरचा छपाईचा कागद तसाच होऊ लागला. तुरटीमुळे कागदात आम्ल राहतं आणि ते वर्षानुवर्षं धागे तोडत बसतं. दोष तुरटीचा जास्त, पण तिला आत घेऊन आली राळ. मामाच्या बाटलीसारखंच झालं हे. काम चोख, आणि धुऊन कोणी काढलं नाही.

दुसरं नुकसान अण्णांचं. त्यांची सवय होती डागावर वाकून, अगदी नाक टेकेल इतकं, हळू फुंकर मारत काम करायची. पन्नाशीनंतर खोकला सुरू झाला. आम्ही विडीला नावं ठेवली, पण विडी सुटली आणि खोकला राहिला. रविवारी कमी, बुधवारपासून जास्त. शेवटी मिरजेच्या डॉक्टरांनी छाती तपासायच्या आधी विचारलं, “काम काय करता?” राळेच्या धुराने दमा होतो. तांबं साफ करणारी तीच आम्लं आणि त्यांच्या धुरातले घटक श्वासनळीला सोसत नाहीत, आणि शरीराने एकदा वैर धरलं की पुढे चिमूटभर धूरही पुरतो. अण्णांनी आयर्न ठेवलं ते कायमचं. नंतरची वर्षं ते दाराशी खुर्ची टाकून बसायचे, आणि मी डबी उघडली की तोंड रस्त्याकडे वळवायचे. वास त्यांना आवडायचाच.

तेव्हा आयर्न हातात धरणाऱ्या पोरांनो, खिडकी उघडी ठेवा आणि धूर तुमच्या तोंडापासून बाहेर ओढून नेईल असा छोटा पंखा बाजूला लावा. पंख्याने डाग गार पडतो म्हणून अण्णा लावू द्यायचे नाहीत. मी गेली बारा वर्षं लावतोय, पडत नाही.