शिस्त शिकवावी किती?

स्काउट-गाइडच्या प्रशिक्षण शिबिरात ‘चळवळीचा इतिहास’ हा तास बहुधा माझ्याकडे येतो. समोर बसलेल्या शिक्षकांना गोष्ट साधारण पाठ असते : मॅफेकिंगचा वेढा, बेडन पॉवेल, १९०७ सालचं ब्राउनसी बेटावरचं शिबिर आणि मग ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक. म्हणजे एका सेनाधिकाऱ्याच्या डोक्यातून निघालेली चळवळ. ही गोष्ट खोटी नाही, पण अर्धीच आहे. उरलेली अर्धी ग्लासगोमधल्या एका रविवारच्या शाळेत सुरू होते. प्रोटेस्टंट चर्चच्या आधाराने युरोपात वाढलेल्या बालवीर आणि वीरबाला संघटना हा गेली अनेक वर्षं माझ्या अभ्यासाचा विषय आहे. मी ख्रिस्ती नाही. या विषयाकडे मी वळलो तो शिक्षक म्हणून. मुलांना शिस्त लावताना त्यांच्या स्वतःच्या विवेकाला जागा किती ठेवायची, हा प्रश्न मला वर्गात रोज पडायचा. तोच प्रश्न या संघटनांपुढे पुन्हा पुन्हा उभा राहिला, आणि एकदा तर त्यावर माणसांचे जीव अवलंबून होते.

ग्लासगोच्या नॉर्थ वुडसाइड भागात फ्री चर्चचं एक मिशन होतं. विल्यम अलेक्झांडर स्मिथ हा तरुण व्यापारी तिथे रविवारी मुलांना शिकवायचा. बारा-तेरा वर्षांची झाली की मुलं कामाला लागायची, वर्गात दंगा करायची आणि हळूहळू यायची बंद व्हायची. स्मिथ शनिवारी स्वयंसेवक सैन्यदलात कवायत घ्यायचा. तिथे एका हुकमावर शंभर माणसं हलतात आणि इथे वीस पोरं आवरत नाहीत, ही तफावत त्याला बोचत होती. मग त्याने शनिवार आणि रविवार एकत्र केले. ४ ऑक्टोबर १८८३ रोजी ‘बॉइज ब्रिगेड’ सुरू झाली. बायबल, कवायत, हजेरी आणि वक्तशीरपणा हा तिचा पाया. बोधचिन्ह म्हणून जहाजाचा नांगर घेतला, तो बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रातून.

स्मिथची दृष्टी मला सर्वांत जास्त दिसते ती गणवेशात. पूर्ण पोशाख शिवायला पैसे लागतात आणि ही कामगारांची मुलं. म्हणून त्याने रोजच्याच कपड्यांवर चढवायच्या तीन गोष्टी ठरवल्या : एक छोटी गोल टोपी, कंबरेचा पट्टा आणि खांद्यावरून तिरकी येणारी पांढरी झोळी. एवढ्यावर फाटक्या कोटातलं पोरगंही रांगेत इतरांच्या बरोबरीने उभं राहायचं. गणवेशाच्या खर्चापायी पथकाबाहेर राहिलेली मुलं ज्यांनी आपल्या शाळांत पाहिली आहेत, त्यांना या तीन वस्तूंचं मोल सांगायला नको. १८८६ मध्ये त्याने मुलांना क्लाइड नदीच्या मुखापलीकडे टिनाब्रुइक या किनारी गावात आठवडाभर नेलं. मुक्काम तंबूत नव्हता, एका सभागृहात होता. बेडन पॉवेलच्या शिबिराआधी एकवीस वर्षं.

पण ब्रिगेडच्या मुलांच्या खांद्यावर लाकडी, खोट्या बंदुका असायच्या, आणि तिथेच वाद पेटला. चर्चने मुलांच्या हाती बंदूक द्यावी का? उत्तर म्हणून १८९९ मध्ये काही प्रोटेस्टंट मंडळींनी ‘बॉइज लाइफ ब्रिगेड’ काढली. कवायत तीच, पण बंदुकीच्या जागी स्ट्रेचर : बुडणाऱ्याला काढणं, आगीतून बाहेर नेणं, जखमीला उचलणं. अँग्लिकन चर्चची ‘चर्च लॅड्स ब्रिगेड’ मात्र दुसऱ्या टोकाला गेली. युद्धखात्याने मुलांच्या संघटनांना कॅडेट म्हणून मान्यता घ्यायला सांगितलं, तेव्हा स्मिथच्या ब्रिगेडने नकार दिला आणि चर्च लॅड्सनी होकार. पहिल्या महायुद्धात त्यांच्याच आजी-माजी मुलांची एक पलटण उभी राहिली, आणि जुलै १९१६ मध्ये सोमच्या लढाईत हाय वुडपाशी ती कापली गेली. १९२६ मध्ये बॉइज ब्रिगेड आणि लाइफ ब्रिगेड एक झाल्या, तेव्हा खोट्या बंदुका कायमच्या खाली ठेवल्या गेल्या. स्ट्रेचरवाल्यांचं म्हणणं खरं ठरायला सत्तावीस वर्षं आणि एक महायुद्ध लागलं.

आणखी एक नोंद मला महत्त्वाची वाटते. ब्रिगेडच्या मूळ उद्दिष्टात आदरभाव, शिस्त आणि स्वाभिमान होते. आज्ञापालन नव्हतं. ते दहा वर्षांनी, १८९३ मध्ये त्यात घातलं गेलं.

बेडन पॉवेल या गोष्टीत येतो तो १९०४ मध्ये, ब्रिगेडच्या एकविसाव्या वर्धापनदिनी. ग्लासगोत सात हजार मुलांचं संचलन त्याने पाहिलं. सैनिकांसाठी लिहिलेलं त्याचं टेहळणीचं पुस्तक मुलांसाठी नव्याने लिहावं, ही सूचना स्मिथची. ब्राउनसी बेटावर १९०७ च्या ऑगस्टमध्ये जी वीसेक मुलं जमली, त्यांतली निम्मी ईटन-हॅरोसारख्या बड्या शाळांची होती, आणि उरलेली बोर्नमथ आणि पूल इथल्या बॉइज ब्रिगेडची. मात्र बेडन पॉवेलने स्मिथचा एक धागा जाणूनबुजून बदलला. लांब रांगा मोडून त्याने मुलांचे छोटे संघ केले आणि प्रत्येक संघाचा नायक मुलांतलाच ठेवला. मोठा माणूस दिसेनासा झाला तरी संघ चालला पाहिजे, ही त्यामागची कल्पना. स्काउटिंगमधलं खरं नवं काही असेल तर ते हेच. गाठी, खुणा आणि शेकोटी त्यानंतर येतात.

मुलींनी वाट पाहिली नाही. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काउटांचा मेळावा भरला, तेव्हा त्या स्वतःहून टोप्या-काठ्या घेऊन हजर झाल्या, आणि पुढच्याच वर्षी गर्ल गाइड्स सुरू झाल्या.

इंग्लंडबाहेर ही कल्पना नेली ती बऱ्याच ठिकाणी वायएमसीए आणि वायडब्ल्यूसीएने. डेन्मार्कमध्ये १९१० मध्येच वायएमसीएचे स्काउट उभे राहिले, फ्रान्समध्ये १९११ मध्ये ‘एक्लेरर युनियोनिस्त’, आणि जर्मनीत १९२१ मध्ये ‘ख्रिस्तलिशे फाडफिंडरशाफ्ट’. नॉर्वे, स्वीडन आणि स्वित्झर्लंडमध्येही असंच झालं. वचनात देव, देश आणि दुसऱ्याला मदत हे सगळीकडे होतं. देव आणि देश एकमेकांविरुद्ध उभे राहिले तर काय करायचं, हे मात्र वचनात कुठेच नव्हतं.

जर्मनीत ती वेळ १९३३ मध्ये आली. नाझींना ‘हिटलर युथ’शिवाय दुसरी कोणतीही युवक संघटना नको होती. प्रोटेस्टंट युवक संघटनांमधल्या अनेकांनी सुरुवातीला नव्या राजवटीचं स्वागत केलं होतं. गणवेश, शेकोट्या आणि राष्ट्राची भाषा त्यांना आपलीच वाटली. १९ डिसेंबर १९३३ रोजी राइश बिशप, म्हणजे जर्मन प्रोटेस्टंट चर्चचा प्रमुख, लुडविग म्युलर याने हिटलर युथचा प्रमुख बाल्डुर फोन शिराख याच्याशी करार केला : प्रोटेस्टंट संघटनांमधली अठरा वर्षांखालची सगळी मुलं हिटलर युथमध्ये जातील आणि चर्चकडे फक्त बायबलवर्ग उरेल. संघटनांच्या नेत्यांचा विरोध बाजूला सारून ही सही झाली, आणि लाखो मुलं कागदावरच्या एका ओळीने हस्तांतरित झाली. ख्रिस्ती स्काउट काही काळ कसेबसे टिकले, पुढे त्यांच्यावरही बंदी आली. मला या प्रकरणात बिशपच्या सहीपेक्षा त्याआधीचे महिने जास्त अस्वस्थ करतात. रांगेत चालायला शिकलेल्या मुलाला रांग कुठे चालली आहे हे विचारायला कोणी शिकवलंच नव्हतं.

आता फ्रान्स. तिथे प्रोटेस्टंट मूठभर, आणि त्यांची स्मृती लांब. चौदाव्या लुईने १६८५ मध्ये त्यांच्या धर्मस्वातंत्र्याचा हुकूमनामा रद्द केला, तेव्हापासून शतकभर त्यांनी डोंगरदऱ्यांत लपून उपासना केली. एग-मोर्त गावच्या बुरुजात मारी द्युरां ही स्त्री अडतीस वर्षं कैदेत होती, १७३० ते १७६८. धर्म सोडते म्हटलं असतं तर सुटली असती. त्या बुरुजात विहिरीसारख्या एका भोकाच्या दगडी काठावर ‘प्रतिकार करा’ एवढंच कोरलेलं आहे, आणि परंपरेने ते तिच्या नावाशी जोडलं जातं. फ्रेंच प्रोटेस्टंट मुलं ही गोष्ट ऐकत वाढतात.

१९३९ मध्ये अल्सास-लोरेनमधल्या लोकांना सीमेवरून हलवण्यात आलं. त्यांच्या मदतीसाठी प्रोटेस्टंट युवक संघटनांनी, त्यात स्काउट आणि गाइडही होत्या, एक संयुक्त समिती नेमली. तिचं नाव ‘सिमाद’. मादलेन बारो या तरुण बाईने तिची सूत्रं हाती घेतली आणि ‘गुर्स’च्या छावणीत डांबलेल्या निर्वासितांमध्ये काम सुरू केलं. पुढे याच समितीची माणसं ज्यूंना स्वित्झर्लंडच्या सीमेपार पोचवू लागली. सिमाद आजही फ्रान्समध्ये निर्वासितांसाठी काम करते. आपण शिबिरात ज्याला ‘सेवा प्रकल्प’ म्हणतो, तो इतका लांब पल्ल्याचा झाल्याचं दुसरं उदाहरण माझ्यासमोर नाही.

आणि मग ल शांबों-स्युर-लिन्यों. समुद्रसपाटीपासून हजारेक मीटरवरचं पठार, थंडी कडाक्याची, दगडी शेतघरं एकमेकांपासून दूर दूर, मधे पाइनचं जंगल. आंद्रे त्रोक्मे हे तिथले पाद्री. जुलै १९४२ मध्ये पॅरिसच्या पोलिसांनी दोन दिवसांत तेरा हजारांवर ज्यूंना पकडलं. ऑगस्टमध्ये नाझींशी हातमिळवणी केलेल्या फ्रेंच व्हिशी सरकारचे युवकखात्याचे प्रमुख जॉर्ज लामिरां यांनी गावाला भेट दिली. गावातल्या शाळेच्या मोठ्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या हातात एक पत्र ठेवलं. पॅरिसमध्ये काय झालं ते आम्हाला कळलं आहे, आमच्यातही ज्यू आहेत, आम्ही त्यांच्यात आणि आमच्यात भेद करत नाही, आणि त्यांना न्यायला कोणी आलं तर आम्ही त्यांना लपवू, असा त्यातला आशय होता. शाळकरी मुलांनी हे सरकारला आधीच सांगून टाकलं.

ऑगस्ट संपताना पोलिस बसगाड्या घेऊन आले. त्यांनी त्रोक्मेंकडे ज्यूंची यादी मागितली, त्यांनी ती दिली नाही. त्या संध्याकाळी त्यांनी स्काउट मुलांना आणि बायबलवर्गाच्या म्होरक्यांना बोलावून घेतलं आणि पठारावरच्या शेतांवर धाडलं. लपलेल्यांना निरोप एकच : रातोरात जंगलात शिरा. अंधारात दूरचं घर शोधणं, ऐकलेला निरोप न चुकता सांगणं, आवाज न करता परत येणं. हे सगळं प्रवेश आणि प्रथम सोपानाच्या अभ्यासक्रमातलं आहे, आपण दर वर्षी मैदानावर घेतो. पोलिस बरेच दिवस शोधत राहिले, त्यांच्या हाती जवळजवळ कोणी लागलं नाही. किंमत मोजावी लागलीच. फेब्रुवारी १९४३ मध्ये त्रोक्मेंना अटक झाली, ते पुढे सुटले. त्यांचे नातलग दानिएल त्रोक्मे विद्यार्थ्यांचं एक वसतिगृह सांभाळत. त्यांना १९४३ च्या जूनमध्ये मुलांसोबत पकडलं, आणि १९४४ मध्ये माइदानेकच्या छळछावणीत त्यांचा अंत झाला. १९९० मध्ये इस्रायलमधल्या ‘याद वाशेम’ या ज्यू-संहाराच्या स्मारकसंस्थेने या सबंध पठाराचा गौरव केला.

स्काउटिंगमुळे ही मुलं धीट झाली, असं मी म्हणत नाही. त्यामागे अडीचशे वर्षांची आठवण होती, त्रोक्मेंची प्रवचनं होती, दार उघडणाऱ्या शेतकरी बाया होत्या. पण जर्मनी आणि फ्रान्समधली ही दोन चित्रं शेजारी ठेवली की एक गोष्ट लपत नाही. वचन तेच, स्कार्फ तसाच, बायबल तेच. जर्मनीतलं प्रोटेस्टंट चर्च बहुसंख्यांचं आणि सत्तेला सरावलेलं होतं. फ्रान्समधल्याला सत्तेचा मार ठाऊक होता. मुलांना कौशल्य दोन्हीकडे शिकवलं गेलं, नकाराचा वारसा एकीकडेच मिळाला.

जर्मनीने नंतर हा धडा गांभीर्याने घेतला. १९७३ मध्ये मुलांची एक आणि मुलींच्या दोन प्रोटेस्टंट संघटना मिळून ‘फाउ-त्से-पे’ ही आजची संघटना झाली. तीन वर्षांत काही गट जुन्या नावाने पुन्हा वेगळे झाले, कारण इतका मोकळेपणा त्यांना मानवला नाही. पुण्यात आळंदी रस्त्यावर ‘संगम’ हे गर्ल गाइड्सचं जागतिक केंद्र १९६६ पासून आहे. तिथे आलेल्या एका जर्मन गाइड कप्तान मुलीशी माझं बरंच बोलणं झालं. त्यांच्या तंबूबद्दल तिने सांगितलं : काळ्या जाड सुती कापडाचे चार तुकडे दोरीने एकमेकांत ओवायचे, मधोमध शेकोटी पेटवायची आणि धूर वरच्या भोकातून जाऊ द्यायचा. लॅपलँडच्या सामी लोकांच्या तंबूवरून तो एबरहार्ड कोबेल या युवकनेत्याने बेतला. त्या कोबेललाही १९३४ मध्ये गेस्टापोने पकडलं आणि मग त्याला देश सोडावा लागला. तिच्या पथकात मुस्लिम मुलं आहेत, देव न मानणारीही आहेत. फ्रान्समधली प्रोटेस्टंट संघटनाही सगळ्यांना खुली आहे. स्वतःच्या श्रद्धेचं नाव ठेवून दार सताड उघडं ठेवणं, हे मला या संघटनांचं आजचं सर्वांत मोठं काम वाटतं.

आपल्याकडे स्काउटिंग १९०९ मध्ये बंगळूरला आलं ते फक्त युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांना दार बंद होतं, म्हणून अ‍ॅनी बेझंट आणि मदनमोहन मालवीय यांनी स्वतंत्र संघटना काढल्या. १९५०-५१ मध्ये सगळ्यांची मिळून ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ झाली. तेव्हा नकाराचा वारसा आपल्यालाही आहे. पण बहुतेक शाळांत आज पथक दिसतं ते २६ जानेवारीच्या संचलनात आणि पाहुण्यांच्या स्वागताला. संघनायक नेमतात शिक्षक, शिबिराचा कार्यक्रम ठरवतात शिक्षक, ‘खरी कमाई’चे, म्हणजे मुलांनी स्वतः काम करून मिळवलेले, पैसे कशावर खर्चायचे तेही शिक्षकच सांगतात. म्हणजे आपण बेडन पॉवेलचं नाव घेतो आणि लांब रांगा उभ्या करतो.

स्काउटमास्तर आणि गाइड कप्तानांना माझी विनंती आहे. कोर्ट ऑफ ऑनर, म्हणजे संघनायकांची मानसभा, ही तरतूद आपल्या नियमांत आहेच. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात ती भरवा. यंदाच्या खऱ्या कमाईचा निर्णय पूर्णपणे मुलांवर सोपवा, तुम्ही मागच्या बाकावर बसा, आणि ठराव तुमच्या मताविरुद्ध गेला तरी तो वहीत जसाच्या तसा लिहू द्या.