‘फॅन्ड्री’ आणि आमची नावे

नागराज मंजुळे यांच्या चित्रपटाचे ‘फॅन्ड्री’ हे नाव कैकाडी भाषेतील. अर्थ डुक्कर. गावातील पोरे हाच शब्द कथानायकाच्या पाठीमागे ओरडतात. त्याचे खरे नाव जांबुवंत; रामायणातला अस्वलांचा पराक्रमी राजा. गावाने त्याचा ‘जब्या’ केला. आणि बापाचे नाव कचरू!

मूल जगावे, दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू, कचरू अशी नावे ठेवीत. ती अनेक जातींत आढळतात, हेही खरे. तथापि शूद्राचे नाव तिरस्करणीय असावे, असे मनुस्मृतीचा दुसरा अध्याय सांगतो. हे विसरून या नावांकडे पाहणे आम्हांस जमत नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली महाडला जळाला तो हाच ग्रंथ.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आमच्या घरांत सिद्धार्थ, सुजाता, मिलिंद, संघमित्रा जन्मले. (राहुल या नावाचा अर्थ ‘बंधन’ असा सांगतात, तरी ते किती हौसेने ठेवले गेले!) पण हजेरीत मुलाच्या नावापाठोपाठ बापाचे नाव येतेच. गावच्या शाळेत ‘मिलिंद दगडू’ उच्चारताच वर्गात खसखस पिकत असे. या वसतिगृहात आल्यावर ती थांबली, कारण येथे बहुतेकांच्या बापांची नावे तशीच होती.

पुढे आमच्यापैकी काहींनी राजपत्रात नाव बदलून घेतले. त्यांना आम्ही दोष देत नाही. काहींनी मात्र ते तसेच ठेवले, आणि आजही सही करताना ते बापाचे नाव आद्याक्षरात न उरकता पूर्ण लिहितात.